स्ट्रोमेनच्या साल्मनची मोहीम आणि धुणेघराचा तह

राजमान्य राजश्री बिर्येर साहेब, अध्यक्ष, कास्टान्येन सोसायटी, पेठ सोदेरमाल्म, शहर स्टॉकहोम, यांचे सेवेसी सोसायटीचे चिटणीस तूरवाल्ड लिंदेब्लाद यांची विज्ञापना ऐसी जे: साहेबी आज्ञा केली की, सर्वांचे सामाईक धुणेघराच्या दारावरील पाळीच्या पाटीवर गुरुवारची दहा ते एक ही वेळ आजवर सिक्स्टेन हागेलबेक यांचे नावे होती, ती एका दिवसात डाग्नी ओर्वाल यांचे नावे कैसी जाहली, ते साद्यंत लिहून पाठवणे. त्यास, जे घडले ते पदरचे न घालता आणि कोणाची भीड न धरता लिहितो. साहेबी सावकाश वाचावे.

सिक्स्टेनराव हागेलबेक, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी लिफ्ट दुरुस्तीचे कामी होते आणि हल्ली निवृत्त, तिसरे मजल्यावर डावे हातास राहतात. डाग्नीबाई ओर्वाल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी शाळेत कवायत शिकवीत, त्याच मजल्यावर उजवे हातास राहतात. उभयतांस नाद एकच. राजवाड्याचे पायथ्याशी स्ट्रोमेन नामे प्रवाह आहे, तेथे सरोवराचे गोडे पाणी खाऱ्या समुद्रास भेटावयास धावत सुटते आणि त्या खळाळातून साल्मन नामे मत्स्यराज समुद्र सोडून वर चढतो, आणि थेट राजाच्या खिडक्यांखालून जातो, पण कोणास मुजरा करीत नाही. त्यास धरावयाचे हत्यार म्हणजे चमचा. हा चमचा जेवणाचा नव्हे. पातळ धातूचा, बोटभर लांब, शेपटास तीन काट्यांचा गळ. तंगुसास, म्हणजे गळाच्या बारीक दोरास, बांधून दूर फेकावा आणि रीळ फिरवून ओढावा म्हणजे जखमी माशासारखा लचकत चालतो आणि साल्मन फसतो. निदान फसावा, ऐसी अपेक्षा असते. डाग्नीबाईंनी या हत्यारे पाच साल्मन पाडिले होते. सिक्स्टेनरावांनी एकोणीस वर्षे शर्थ केली आणि एक छत्री, सायकलचे एक हँडल आणि एका जर्मन प्रवाशाची टोपी, इतकी लूट मिळविली. टोपी परत केली.

आता वैराचे मूळ. अकरा वर्षांमागे सिक्स्टेनरावांनी मासेमारीची विजार धुणेघरातील यंत्रात घातली आणि खिशात चमचा राहिला. विजार निघाली, परंतु चमच्याचा गळ यंत्राच्या पिंपास अडकून तेथेच दबा धरून बसला. मग त्याच यंत्रात डाग्नीबाईंनी आपला मेजपोश घातला, आणि तो मेजपोश मातोश्रींच्या हातच्या भरतकामाचा, आणि यंत्र फिरले, आणि मेजपोशाच्या चिंध्या जाहल्या. दुसरे दिवशी धुणेघराच्या दारावर पहिला खलिता चिकटला: "हे धुणेघर आहे, मासळीबाजार नाही. गळ कुणाचा ते सर्वांना ठाऊक आहे. – एक रहिवासी." त्याखाली संध्याकाळी जबाब आला: "पुराव्याशिवाय बोलू नये. – दुसरा रहिवासी." एवढ्यावर बोलणे खुंटले. उभयता रोज धक्क्यावर जात, डाग्नीबाई पुलाजवळच्या लोखंडी खुंटापाशी आणि सिक्स्टेनराव खालचे अंगास दिव्याच्या खांबापाशी मोर्चा धरीत, आणि मध्ये चाळीस पावलांचा मुलूख ओसाड राही.

ऐसे चालता ऑगस्ट अखेरीचा बुधवार उगवला. आभाळ भरले होते, वारा मंद होता, पाणी चढते होते. उभय फौजा, म्हणजे दोन माणसे, आपापले जागी उभ्या. मधल्या मुलखाच्या पाठीमागे नेसरीनबाईंची कॉफीची गाडी. नेसरीनबाई जन्माने तुर्की, धक्क्यावर बारा वर्षे वेलदोड्याचे पाव विकतात आणि उभय पक्षांस काका-मावशी म्हणतात, सबब त्यांचा वशिला दोहींकडे.

दोन प्रहरास थोडका अवकाश असता सिक्स्टेनरावांनी हिरवा-रुपेरी चमचा प्रवाहाचे मध्यावर फेकिला आणि तीन वेळा रीळ फिरविले, आणि गळाची काठी एकाएकी कमान होऊन वाकली, आणि पाण्यातून एक रुपेरी धूड वर उसळले आणि खाली आदळले. धक्क्यावरचे लोक थबकले. मग साल्मन समुद्राकडे सुटला आणि रीळ किंचाळू लागले, आणि सिक्स्टेनराव धक्क्याचे कडेने लटपटत त्याचे मागे चालले, आणि वाटेत बाक आला त्यावर चढून पलीकडे उतरले, आणि बाकावर एक गृहस्थ जेवत होते त्यांनी डबा मांडीवर घेऊन वाट दिली आणि जेवण पुढे चालविले. वीस मिनिटे हे युद्ध जाहले. अखेर साल्मन थकून दिव्याच्या खांबाखाली परत आला आणि कुशीवर होऊ लागला.

तेथे धक्का उंच आहे. पाणी पुरुषभर खाली. मासा वर घ्यावा तर दोरीची झोळी खाली सोडावी लागते. सिक्स्टेनरावांनी पायाने झोळी कडेशी ओढिली आणि खाली लोटली, आणि एकोणीस वर्षे न वापरलेली तिची गाठ तेच क्षणी सुटली, आणि झोळी वाहत वाहत प्रवाशांच्या पांढऱ्या बोटीखाली दिसेनाशी जाहली.

"काका, झोळी गेली तुमची!" नेसरीनबाई गाडी सोडून धावल्या.

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

"मग आता? हातानं काढणार?"

सिक्स्टेनरावांनी रीळ आणखी एक वळसा आवळिले.

"मावशीकडे आहे की झोळी. ती बघा, चांगली मोठी."

"मी मागणार नाही."

"मग काय मासा मागेल?"

ऐसे म्हणून नेसरीनबाईंनी वकिली आपणच पत्करिली आणि चाळीस पावले ओलांडून डाग्नीबाईंचे गोटात दाखल जाहल्या. डाग्नीबाई पाण्याकडे पाहत होत्या. मान वळविली नाही. वास्तविक त्यांनी सर्व युद्ध तिरके डोळ्याने पाहिले होते आणि आपला तंगूस केव्हाच गुंडाळून ठेविला होता, की मध्ये गुंता होऊ नये.

"मावशी, झोळी द्या ना. काकांचा मासा सुटेल."

"त्यांना म्हणावं, आधी तो गळ कुणाचा होता ते सांगा."

"अहो, एवढा मोठा मासा आहे!"

"मेजपोशही मोठा होता. बारा माणसांच्या मेजाचा."

मग डाग्नीबाईंनी तीन कलमे सांगितली. पहिले, गळ आपला होता हे सिक्स्टेनने सर्वांदेखत मोठ्याने कबूल करावे. दुसरे, गुरुवारची दहा ते एक ही धुण्याची वेळ डाग्नीस सोडावी. तिसरे, माशाचे डोके सूपासाठी द्यावे. नेसरीनबाई परत धावल्या. गाडीपाशी कॉफीसाठी आठ माणसे रांगेत उभी राहिली होती, त्यांनी हूं की चूं केले नाही, एकेक पाऊल नीट पुढे सरकून घेतले.

"डोकं घेऊ दे," सिक्स्टेनराव दात आवळून बोलले. "गुरुवारही घेऊ दे. पण ते पहिलं जमायचं नाही."

"का नाही जमायचं? तुमचाच होता ना गळ?"

येथे सत्य लिहिणे भाग आहे. मेजपोश फाटला त्याच दिवशी सिक्स्टेनरावांनी आपली पेटी उघडून पाहिली होती आणि एक चमचा उणा दिसला होता. पेटी मिटून ते बसून राहिले होते. जाऊन दार वाजवावे ऐसे चार वेळा मनात आले, आणि चारही वेळा ते बूट घालून बूट काढून बसले. पुढे खलिते गेले, महिने गेले, आणि बोलावयाची वेळ टळून गेली. हे त्यांनी स्वतः चिटणिसास सांगितले आहे.

इतक्यात साल्मनने शेपूट आपटिले. तंगूस धक्क्याच्या दगडास घासू लागला आणि त्याचे धागे सुटलेले डोळ्यांस दिसू लागले. आणि तेच समयी राजवाड्याचे पहारे बदलावयास घोडेस्वारांचा बँड पुलावर आला, ढोल गर्जले, तुताऱ्या वाजल्या, आणि कानी पडेनासे जाहले.

सिक्स्टेनरावांचे ओठ हलले.

"काय? ऐकू येत नाही!" नेसरीनबाई ओरडल्या.

पुन्हा हलले.

"मोठ्यानं, काका! मावशीला ऐकू जायला हवं!"

तेव्हां सिक्स्टेनरावांनी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि सर्व प्राण कंठी आणून आरोळी ठोकिली. आणि बँडमास्तराने हात वर केला आणि बँड जागचे जागी थांबला.

"तो गळ माझाच होता! मेजपोश मीच फाडला!"

हे शब्द राजवाड्याचे भिंतीवर आपटले आणि पाण्यावरून ऑपेरागृहाचे दारापर्यंत गेले. घोड्यांनी कान टवकारिले. पांढऱ्या बोटीवरील प्रवाशांस अर्थ कळला नाही, परंतु त्यांनी टाळ्या दिल्या. सिक्स्टेनराव मानेपर्यंत तांबडे जाहले. आणि डाग्नीबाई झोळी उचलून, चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांस न विचारिता, ओसाड मुलखातून धावत आल्या.

"अरे गाढवा, काठी वर धर!"

अकरा वर्षांतील हे प्रथम संभाषण. सिक्स्टेनरावांनी काठी वर धरिली.

झोळी सोडिली तो पाण्यास हातभर कमी पडली. डाग्नीबाई धक्क्यावर पालथ्या पडल्या आणि कमरेपर्यंत बाहेर ओणवल्या.

"माझ्या कोटाचा पट्टा पकड!"

"पकडलाय!"

"नीट पकड. मी पडले तर तुला घेऊन पडीन!"

मग एके हाती काठी, दुसरे हाती पट्टा, ऐसे सिक्स्टेनराव ताणले गेले, आणि नेसरीनबाईंनी मागून त्यांस मिठी घातली, आणि साल्मन डोक्याकडून झोळीत शिरला, आणि तिघांनी एकदम ओढिले, आणि मासा, झोळी, सिक्स्टेनराव, डाग्नीबाई आणि नेसरीनबाई ऐसे सर्व एका ढिगात दगडांवर पडले. लांबी एक्याण्णव सेंटिमीटर. वजन साडेसात किलो.

दम खाली बसल्यावर डाग्नीबाई बोलल्या, "तो आईनं केला होता. एक अख्खा हिवाळा बसून."

"माहीत आहे."

"मग अकरा वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

"तूच लिहिलंस ना, सर्वांना ठाऊक आहे म्हणून. मग मी वेगळं काय सांगणार होतो?" ऐसे बोलून सिक्स्टेनराव माशाच्या तोंडातील चमचा सोडवू लागले, आणि म्हणाले, "चुकलंच माझं, डाग्नी."

डाग्नीबाईंनी बाहीने नाक पुसले, आणि आपला थर्मास उघडून पहिला पेला त्यांचेपुढे केला.

परतीचे वाटेस पिशवी अपुरी पडली. सबब बसमध्ये उभयता शेजारी बसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळिलेला साल्मन आडवा मांडीवर घेतला. डोके तिसरे कलमाप्रमाणे डाग्नीबाईंकडे, शेपूट सिक्स्टेनरावांकडे. वळणावर मासा घसरे आणि चार हात एकदम त्यावर पडत. समोरील एका बाईंनी धीर करून विचारिले, "कुणी पकडला हो?"

"यानं पकडला," डाग्नीबाई म्हणाल्या. "मी वर काढला."

सिक्स्टेनराव दोन थांबे विचार करीत राहिले. साऱ्या बसचे लक्ष त्यांजकडे लागले.

"असंच झालं," ते म्हणाले.

"यानं पकडला, मी वर काढला," उभय पक्षांस एकमुखे मान्य ऐसे हे अकरा वर्षांतील पहिले वाक्य होय. सबब तेच फत्तेचे कलम ठरवून, तहाची तीन कलमे त्याखाली लिहून, बुधवार, ऑगस्ट अखेर, नेसरीनबाईंचे साक्षीने सोसायटीचे दफ्तरी शिक्क्यानिशी दाखल केले असे.