जहाज कामी आले

जहाजांच्या सेवापुस्तकाचा छापील नमुना संपला होता, म्हणून सिमेंट वाहणाऱ्या त्या जुन्या जहाजाची सेवा कर्मचाऱ्यांच्याच नमुन्यात नोंदवावी, असे ठरले. 'जन्मखूण' या रकान्यात कारकुनाने 'उजव्या कुशीवर पोचा' असे लिहिले. मालवाहू जहाजाची युद्धनौका कशी झाली तेही लिहिले: करड्या रंगाचे दोन हात, तोफ एक. तोफेचे तोंड स्वयंपाकघराकडे होते, कारण दुसरीकडे वळवली की क्रेन आडवी येई. ही माहिती पक्की होती, कारण त्या स्वयंपाकघरात त्याचा सख्खा मेव्हणा आचारी होता.

लढाईत जहाजाने सैनिकांना बटाटे आणि चादरी पोचवल्या, तेही वेळेवर. कारकुनाला त्याचा अभिमान वाटला. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिले, 'युद्धकाळात जहाज चांगलेच कामी आले.' साहेबांना सरकारी कागदात कौतुक खपत नसे. त्यांनी 'चांगलेच' खोडले, शिक्का मारला आणि पुस्तक वरच्या मजल्यावर पाठवले.

वरच्या मजल्याने 'जहाज कामी आले' एवढेच वाचले आणि टोप्या काढल्या. आठवड्याभरात एकतीस शोकपत्रे निघाली. कारकुनाच्या बायकोला भावाचे शोकपत्र मिळाले तेव्हा भाऊ समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. तिघेही पोट धरून हसले. मग मेव्हणा कामावर गेला आणि तिकडेच अडकला. बंदराच्या फाटकावर मृतांना आत सोडायची तरतूद होती, बाहेर सोडायची नव्हती.

कारकून धावत साहेबांकडे गेला.

"साहेब, कामी आले म्हणजे उपयोगी पडले, असं म्हणायचं होतं मला."

"मग तसं लिहायचं होतंत."

"तुम्ही 'चांगलेच' खोडलंत, म्हणून घोळ झाला."

"शिक्क्यानंतर नोंद बदलत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "जहाजाचं मात्र काहीतरी करता येईल."

दोन दिवसांत आदेश आला: वस्तुस्थिती अभिलेखाशी जुळवून घ्यावी. सोमवारी श्रद्धांजली, मौन संपताच तळाची झडप उघडून जहाज बुडवणे. माणसांचे काय, असे कारकुनाने लेखी विचारले. त्यांची पत्रे याआधीच रवाना झाल्याचे उत्तर मिळाले.

सोमवारी धक्क्यावर ही गर्दी. समोर पन्नास पावलांवर जहाज, कठड्याशी एकतीस माणसे, त्यांतच हातात डाव घेतलेला मेव्हणा.

"भावोजी, सांगा ना यांना काहीतरी," तो ओरडला.

तेवढ्यात दोन मिनिटे मौनाची घोषणा झाली. शिस्तीची माणसे, कठड्याशी उभी होती तीही गप्प झाली.

"अहो, बोला की," बायको कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. कारकुनाने तोंड उघडले आणि मिटले. मौनात बोलणे हा शिस्तभंग होता, आणि त्याच्या स्वतःच्या सेवापुस्तकात आजवर एकही लाल शेरा नव्हता. एवढ्या गर्दीत कुणीतरी मान वर करील, समोर बघील, बोलेल, या आशेने तो रांगांवरून नजर फिरवत राहिला.

तिसऱ्या रांगेत तुम्हीही होतात. तुमच्या बुटाची नाडी सुटली होती, ती तेवढी तुम्हाला दिसली.