तांबडी पूड पिवळी कशी झाली

"शेठ, आपली पूड इतकी बारीक दळून देतो की माणसं तिच्यासमोर शिंकायला घाबरतील!"

पावणे गावातल्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागल्या लागल्या नंदकिशोरने मालक दिनानाथशेठना असा शब्द दिला. तेव्हा शेजारच्या वाशीत इमारती कमी आणि चिखल जास्त होता. कारखाना शिशाचं तांबडं ऑक्साइड दळून काचवाल्यांना पुरवायचा. दळायला पोलादी गोळ्यांनी भरलेलं फिरतं पिंप होतं. नंदकिशोरने त्यात आणखी जड गोळे टाकले आणि ते रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी झाकण उघडलं, तर आत बेसन!

म्हणजे बेसनासारखी पिवळीधमक पूड. "माल बदलला! खरी पूड कुणीतरी विकली!" नंदकिशोर ओरडला, तसे शेठ धावत आले. तेवढ्यात पिंपावर काम करणारा दत्तू आला. त्याचे हात पिवळे, कान पिवळे, सदराही पिवळा! नंदकिशोरने त्याचं मनगटच धरलं.

"शेठ, रंगेहाथ पकडला!"

"सायेब, पुतनीची हलद व्हती काल," दत्तू गोंधळून म्हणाला. "अख्खी तलवली पिवली हाय, चला दाखवतो!"

"म्हणजे अख्खं गाव सामील आहे!"

शेठ पोलिसांना बोलवायचं म्हणू लागले. दत्तूचा चेहरा उतरला. "आज लगीन हाय पोरीचा. मना चोर बोललात तं मांडवात कंच्या तोंडानं उभा राहू?"

"थांबा, पुरावाच देतो," नंदकिशोर म्हणाला. त्याने सीलबंद पोतं फोडलं, चिमूटभर तांबडी पूड खलात घेतली आणि बत्त्यावर सगळा भार टाकून घोटायला बसला. "बघा! अस्सल माल कितीही घोटा, तांबडाच राहणार!"

सगळे कामगार भोवती जमले. नंदकिशोर घामाघूम झाला. पूड आधी फिकटली, मग नारिंगी झाली, मग कडेने पिवळी दिसू लागली. त्याने चष्मा पुसला. खल बदलला, पोतं बदललं, पुन्हा जोर लावला. पुन्हा पिवळी!

शेठ खलात डोकावले. "नंदकिशोर, आता तुम्ही कुणाला विकलीत?"

नंदकिशोर गुपचूप कपाटाकडे गेला आणि जाडजूड पुस्तक काढून वाचत बसला. परत आला तो पडेल आवाजातच बोलू लागला. "शेठ, माल तोच आहे. फार दाबून रगडलं की या ऑक्साइडमधले अणू जागा बदलून आणखी दाटीने बसतात. घडण बदलते, तसा रंगही बदलतो. चोरी झालेलीच नाही." मग सगळ्यांसमोर त्याने हात जोडले. "दत्तू, चुकलो मी."

दत्तूने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "मना नका सांगू. बातमी गावात गेली आसंल. मांडवात येऊन सगल्यांना सांगा."

शेठनी स्कूटर काढली. नंदकिशोर मागे बसला. तळवलीच्या वळणावर शेठनी मान न वळवताच विचारलं, "हे दाबाचं प्रकरण तुमच्या एम.एस्सी.ला नव्हतं का हो?"

"होतं ना," नंदकिशोर पुटपुटला. "ऑप्शनला टाकलं होतं."