बेहोश कॉम्प्युटरांच्या शमीमआपा

आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगमध्ये नवं जोडपं राहायला आलं, की कुणी पेढे देतं, कुणी कुंडी देतं. तळमजल्यावरच्या शमीमआपा लिनक्सची डिस्क देतात. "कॉम्प्युटर बंद पडला, की ही घालायची. घाबरायचं नाही." एकांनी सांगून पाहिलं, की आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. "होईल की!" आपांनी भरल्या घरचा आशीर्वाद द्यावा तसं सांगितलं.

आपा शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या. बंद मशीनला कुणी 'मेलं' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मर्‍या नै जी, बेहोश है!" त्यांच्या मते विकतची सिस्टीम म्हणजे जावई. रुसला की घर ठप्प. लिनक्स म्हणजे शेजारी. फुकटचा, पण हाकेला धावणारा.

परवा समोरच्या पद्माचा लॅपटॉप सुरूच होईना. ती चादरी-टॉवेलांची डिझाइनं करते आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी बघायला यायचे होते. दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारू, आतलं सगळं जाईल. ती रडतच आपांकडे धावली. मागोमाग मी.

"आपा, वर्षाची मेहनत हाय की ह्यात!"

"आधी डोळे पूस. पाणी कीबोर्डात जाईल."

आपांनी डिस्क सरकवली, एक बटण दाबून धरलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या. पद्मानं माझं मनगट आवळलं.

"धीर धर. कूस बदलतोय."

आणि पडदा उजळला! "आता हा डिस्कवरनं चाललाय. चला, आतल्या खोलीत कोण कोण आहे बघू." फोल्डर उघडलं. मोर, वेली, कोयऱ्या, सगळं शाबूत! पेनड्राइव्हवर शेवटची कोयरी उतरली, तशी पद्मानं आपांना कडकडून मिठी मारली. आपा गरजल्या, "बोलवा त्या दुकानदाराला! म्हणावं, येताना पेढे आण!"

पद्माला ऑर्डर मिळाली. त्या संध्याकाळी मीही आपांकडे डिस्क मागायला गेलो. त्यांनी कोरी डिस्क कॉम्प्युटरात घातली आणि सगळ्यात कमी वेगावर लिहायला लावली.

"आपा, पेनड्राइव्हवर लवकर झालं असतं ना?"

"झालं असतं की." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "पण मग तुम्ही दारातनंच गेला असता. डिस्क होईपर्यंत माणूस बसतो."

मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, "आपा, माझ्या भावासाठी पण एक करा."