नोएमीमावशीचं यंत्र

धडा पहिला : आधी बांधू नका, आधी विचारा

हे वाक्य ओविदिओने भिंतीवर लावलं होतं आणि सात महिने तंतोतंत पाळलं होतं. म्हणजे त्याने काहीच बांधलं नव्हतं.

मेदेयीन शहराच्या लाउरेलेस भागात, दातांच्या दवाखान्याच्या वर, ओविदिओ आणि त्याची भागीदार यामिले यांची कंपनी होती. ग्राहकाने फोनवरून आपल्या फ्रिजचा फोटो पाठवायचा. तो बघून एक हुशार यंत्र आज काय शिजवायचं ते सांगणार. यंत्र नव्हतं. मागच्या खोलीत ओविदिओची नोएमीमावशी होती. चष्मा लावून ती फोटो बघायची आणि एका बोटाने उत्तर टाइप करायची.

"लोकांना हवंय एवढं कळू दे, मग खरं यंत्र बांधू," ओविदिओ दर सोमवारी म्हणायचा.

लोकांना हवं होतं. तीनशे बारा जणांना. सोमवार येत राहिले.

धडा दुसरा

(कुणालाच नको होता. काढून टाकला.)

धडा तिसरा : गुंतवणूकदाराला स्वतः वापरून बघू द्या

ही यामिलेची कल्पना. हिमेना अर्बेलाएसबाई राजधानी बोगोताहून येऊन सोफ्यावर बसल्या होत्या. त्या 'हो' म्हणाल्या तर कंपनी जगणार, 'नाही' म्हणाल्या तर येत्या सोमवारी कुलूप.

बाईंनी निघताना काढलेला घरच्या फ्रिजचा फोटो पाठवला. एक दही, अर्धं लिंबू, दोन नेलपॉलिश.

बराच वेळ काही झालं नाही.

"यंत्र विचार करतंय," यामिले म्हणाली.

बाईंच्या फोनवर उत्तर उमटलं : "हा फ्रिज आहे की ड्रॉवर? आई कुठेय तुझी?"

"मोकळं बोलतं जरा," ओविदिओने घाम पुसला. "ग्राहकांना आवडतं."

बाईंनी लिहिलं : "आई मानिसालेसला. मी एकटी राहते."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"कॉफी."

"आणि?"

"कॉफी."

मागच्या खोलीत खुर्ची करकरली. ओविदिओने मागच्या दाराकडे पाहिलं. उपाशी माणूस दिसला की मावशीला आवरणं त्याच्या आजोबांनाही जमलं नव्हतं.

"आत्ता कुठे आहेस?" यंत्राने विचारलं.

"लाउरेलेसमध्ये. दातांच्या दवाखान्याच्या वर."

यावर यंत्र गप्प झालं. अगदी गप्प.

धडा चौथा : काही बिघडलं तर शांत राहा

आतून कुकरची शिट्टी झाली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"सर्व्हर," ओविदिओ म्हणाला. "तापला की वाफ सोडतो."

दुसरी शिट्टी. मागोमाग परतलेल्या कांदा-टोमॅटोचा घमघमाट.

"तुमच्या सर्व्हरमध्ये राजमा शिजतोय," बाई म्हणाल्या.

"चाचणी चालू आहे, मॅडम," यामिले म्हणाली. "प्रत्येक पदार्थाची आम्ही…"

दार ढकललं गेलं. पोटाला एप्रन, हातात भरलेलं ताट. राजमा, भात, पिकल्या केळ्याचे तळलेले काप, वर अंडं, कडेला अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी.

"कोण गं ती दह्यावर जगणारी?" मावशीने विचारलं.

ओविदिओने डोळे मिटून घेतले.

हिमेनाबाई जेवल्या. शेवटी त्यांनी अरेप्याच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं.

"तर यंत्र नाहीच."

"सहा महिन्यांत बांधतो, मॅडम! आईची शपथ!"

"खबरदार बांधलंत तर!" बाई मावशीकडे वळल्या. "तीनशे बारा लोकांना तुम्ही एकट्या सांभाळता?"

"त्यात काय सांभाळायचंय? बायकोशी भांडलेला ओळखू येतो, पगार संपलेला ओळखू येतो. फ्रिज बोलतो सगळं. आणि जास्त आले तर माझ्या सहा बहिणी आहेत. नुसत्या बसून असतात."

बाईंनी पिशवीतून कागद काढले. ओविदिओने हात पुढे केला. कागद त्याच्या हातावरून मावशीसमोर गेले.

"सही तुम्ही करा, मावशी. कंपनी तुमच्या नावावर. फक्त एक सांगा." बाईंनी पेन त्या दोघांकडे रोखलं. "ही मंडळी इथे नेमकं करतात काय?"

मावशीने चष्मा वर सरकवून दोघांना नीट न्याहाळलं. यामिलेने मान खाली घातली. ओविदिओ केविलवाणं हसला.

"भांडी घासतात," मावशी म्हणाली. मग तिला दया आली. "यामिले तर फारच छान घासते. त्याला शिकवीन मी."