बरण्यांची झाकणं आणि सासूबाईंची किल्ली

माझ्यावर आयुष्यात जेवढी संकटं ओढवली ती सगळी जेवताना बोलल्यामुळे. (तोंडात घास असताना बोलू नये, हे मला लहानपणीच शिकवलं होतं. शिकवत होते तेव्हाही मी बोलतच होतो.)

झालं असं. वर्षभरापूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या महिनाभरासाठी म्हणून आमच्याकडे आल्या. त्यांचं स्वतःचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्या घराची किल्ली आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली. दर रविवारी जेवताना त्या विचारायच्या, "जावईबापू, किल्ली देता का?" माझ्याआधी बायको उत्तर द्यायची, "आई, आधी पाय नीट होऊ दे." पाय तसा बराच नीट झाला होता. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी तर म्हणत होती, यांना आता काठी पुरेल. पण आम्ही त्यांना वॉकर सोडू देत नव्हतो आणि बाथरूमची कडीही लावू देत नव्हतो.

त्या रविवारी पेपरात एक जाहिरात होती. गावाबाहेरच्या तळ्याकाठी, ऐन थंडीत, चिखलातली शर्यत. आधी पायी, मग सायकल, शेवटी तराफ्यावरून तळं पार करायचं. कुठल्याही वयाच्या, कशाही तब्येतीच्या माणसाला भाग घेता येईल. सासूबाईंनी किल्ली मागितली आणि मी भाताचा घास चावत म्हणालो, "आई, ही शर्यत पूर्ण करा, त्याच दिवशी किल्ली हातात देतो."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "शब्द?"

"शब्द," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी इथे करत नाही, घरात हे वाचलं जाणार आहे.

मला वाटलं, विसरतील. पण फिजिओथेरपिस्ट मुलगी फितूर निघाली. म्हणाली, "आरामात जाऊ द्या की त्यांना. जोडीने भाग घेता येतो, एकमेकांना मदत चालते. फक्त शेवटची रेघ हातात हात धरून ओलांडायची. सोबत कुणीतरी धडधाकट हवं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धडधाकट या शब्दावर कोणी काही बोललं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मी वीजबिलांच्या तक्रारी घेणारा कारकून. दिवसभर खुर्चीत बसून लोकांना पुढच्या खिडकीकडे पाठवणं एवढाच माझा व्यायाम. पण जबाबदारी अंगावर पडली की मी मागे हटत नाही. सासूबाई दमल्या तर बसायला घडीची खुर्ची, शेकायची पिशवी, बाम, शिट्टी, छत्री, सगळं पाठीवर बांधायचं ठरवलं. ऑफिसच्या वॉचमनकडून गमबूट आणले. ते मापाने मोठे होते, पण दोन-दोन मोजे घातले की बसतील, असा हिशोब केला.

त्याच आठवड्यात आमच्या बरण्यांची झाकणं नाहीशी व्हायला लागली. साखरेवर बशी आली, पोह्यांवर ताटली. बायको म्हणाली, "अहो, झाकण लावायची सवय नव्हतीच, आता झाकणं हरवायलाही लागलात?" मी माफी मागून टाकली. (लग्नानंतर मी आधी माफी मागतो आणि चूक कोणाची ते सवडीने बघतो.)

शर्यतीच्या दिवशी सकाळी तळ्याकाठी पोचलो आणि मी थक्क झालो. केवढी माणसं, आणि कसली कसली. चाकाच्या खुर्चीतल्या एका माणसाने चिखलात पकड यावी म्हणून चाकांना दोर गुंडाळले होते. एक आंधळी बाई बहिणीच्या ओढणीचं दुसरं टोक मुठीत धरून उभी होती आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसत होती. माझ्या बॅगेतल्या बामची मला लाज वाटली.

तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून चार मोठी झाकणं काढली आणि वॉकरच्या चारही पायांना खालून सुतळीने बांधली.

"ते माझ्या साखरेचं आहे," बायको म्हणाली.

"परत देईन," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वॉकर चिखलावर टेकवला. तो जमिनीवर उभा राहावा तसा उभा राहिला. मी वाकून बघितलं, तेव्हा मात्र माझे गमबूट आत चालले होते.

शर्यत सुरू झाली. दहा पावलांत माझा एक बूट चिखलातच राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. बूट शोधायला वाकलो तर पाठीवरच्या खुर्चीने मला हळूच पुढे ढकललं. डोळ्यांतला चिखल पुसून पाहिलं तर सासूबाई पुढे गेल्या होत्या. वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय. वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय. घाई नाही आणि थांबणंही नाही. या बाईला आम्ही वर्षभर उघड्या दाराने आंघोळ करायला लावली होती. मी बघतच राहिलो, आणि त्या नादात गुडघ्यापर्यंत रुतलो.

त्या माघारी आल्या. "जावईबापू, खुर्ची काढा."

दमल्या वाटतं, म्हणून मी लगबगीने खुर्ची उघडली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि दुसराही बूट काढा. अनवाणी चला."

पुढे सायकल म्हणजे दोघांची तीनचाकी. मी पुढे पॅडल मारत होतो, त्या मागे बसून घंटी वाजवत होत्या आणि वळणं सांगत होत्या. तिथवर ठीक होतं. उतरताना माझा घोटा मुरगळला. तराफा या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला दोर ओढत पलीकडे न्यायचा होता. सासूबाईंनी जन्मभर शिलाई मशीन चालवलेलं, त्यांनी दोर असा ओढला की मला वॉकर धरून गप्प बसण्यापलीकडे कामच उरलं नाही. पाणी शांत होतं, धुकं उठत होतं, आणि त्या दोर ओढता ओढता गुणगुणत होत्या. आमच्या घरी त्या कधी गुणगुणल्याचं मला आठवेना.

शेवटी उरला लहानसा चढ. माझा घोटा टम्म सुजला होता. मी म्हणालो, "आई, मला नाही जमायचं. तुम्ही व्हा पुढे."

"हातात हात घालून पोचायचंय ना? मला किल्ली हवी आहे," त्या म्हणाल्या आणि वॉकर माझ्याकडे सरकवला. "धरा."

"मग तुम्ही?"

मी वॉकर धरला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या स्वतःच्या दोन पायांवर चालायला लागल्या. सकाळपासून "आई, बस कर" असं ओरडणारी माझी बायको थर्मास छातीशी धरून गप्प उभी होती. आम्ही सर्वांत शेवटी रेघ ओलांडली, आणि तो चाकाच्या खुर्चीतला माणूस टाळ्या वाजवायचा थांबेना. मी रडलो. चिखलामुळे कोणाला दिसलं नाही.

पदक घालताना संयोजक बाईंनी सासूबाईंना हळू आवाजात विचारलं, "तुमच्या मुलाला चालता येत नाही का?"

"जावई आहेत," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून असेच आहेत."

त्याच संध्याकाळी मी लंगडत खिळ्यापर्यंत गेलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. आईची पिशवी बायकोने स्वतः भरली. सासूबाई काठी टेकत निघाल्या. झाकणं धुऊन ओट्यावर ठेवली होती. वॉकर मात्र माझ्या पलंगाशी ठेवला होता.

"बाथरूमची कडी लावू नका," जाताना त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या जेवायला आल्या, एकट्या, चालत. मी घास गिळून, तोंड पुसून, नीट बसून विचारलं, "उद्यापासून ऑफिसला जाऊ का?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आधी पाय नीट होऊ दे," दोघी म्हणाल्या.