काहिलीतले ग्रीक

"जोतीराम, तू जा रं जेवायला. रसाच्या काहिलीकडं मी बघतो," असं हवालदार नाथाजी आपल्या गुऱ्हाळात सहज बोलून गेला, आणि घोटाळा झाला तो तिथंच.

जोतीराम हा गुळव्या. त्याच्या हातचा पिवळाधमक गूळ पार इस्लामपूरपर्यंत नावाजलेला. त्यात आजच्या गुळाचा मान मोठा होता. नाथाजीच्या लेकीची, हरणाची सोयरीक पक्की करायला मुलाचे वडील, वडूजचे आकाराम पाव्हणे यायचे होते. नव्या गुळानं त्यांचं तोंड गोड झालं, की सोयरीक जमली म्हणायची.

"बुडबुडं पिवळं फुटाय लागलं की हाक मारा. आन् जाळ वाडवू नगा," असं बजावून जोतीराम गेला.

नाथाजीनं खिशातलं पुस्तक काढलं. ग्रीक तत्त्वज्ञांची सोप्या भाषेत ओळख करून देणारं हे पुस्तक त्याला लढाईवरून परतताना साताऱ्यात रद्दीवाल्याकडं मिळालं होतं. (पलटणीबरोबर इटलीला जाताना बोटीवरून त्यानं ग्रीसचा किनारा पाहिला होता. लांबवर एक निळी रेघ. पण तेवढ्यावर गडी स्वतःला ग्रीसचा जावई समजत असे.)

थेल्स म्हणे, सगळं पाण्यापासून झालं. नाथाजीनं काहिलीत डोकावलं. खरंच की! कृष्णेचं पाणी उसात चढलं, उसाचा रस झाला, आणि आता रस गूळ व्हायला निघालाय. हेराक्लिटस म्हणे, सगळं बदलत राहतं आणि मुळाशी असतो तो अग्नी. वाफ उसाच्या तुऱ्यांवरून सावकाश निघाली होती. बैल घाण्याभोवती पेंगत फिरत होते. वाफेत नाथाजीला तो निळा किनारा दिसला, आणि त्यावर मांडी घालून बसलेले पांढऱ्या दाढीचे दोन म्हातारे.

"पाणी," एक म्हणाला.

"जाळ," दुसरा म्हणाला.

नाथाजीला दुसऱ्याचं पटलं. त्याच तंद्रीत त्यानं काहिलीखालच्या चुलवणात चिपाडांचे दोन भारे सारले. त्याला फार सुख वाटलं.

करपल्याचा वास आला तो घरात, त्याच्या बायकोला, चंद्राबाईला. "आवं, काय जाळलं?" म्हणत ती धावली. जोतीराम खरकट्या हातानं पळत आला. पण तोवर गूळ हातचा गेला होता आणि पाव्हणे दारात आले होते.

ताटलीत काळाकुट्ट खडा आला. हरणाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. (थेल्स काही अगदीच खोटा नव्हता.)

"गूळ काळा कशानं?" आकारामांनी विचारलं.

लेकीकडं बघून नाथाजीनं सगळं खरं सांगून टाकलं. वर म्हणाला, "पाव्हणं, ग्रीसमधला लय शहाणा माणूस, सॉक्रेटिस, म्हणायचा, मला एवढंच कळतं की मला काय बी कळत न्हाई. माजं बी तसंच हाय."

"ह्ये मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय," चंद्राबाई म्हणाली. "त्याला पुस्तक कशाला लागतंय?"

आकारामांनी खडा बोटांत धरून विचारलं,

"पोरगी कुणावर गेलीया? बापावर का आईवर?"

नाथाजीनं विचार करून तोंड उघडलं, तेवढ्यात चंद्राबाई म्हणाली, "माज्यावर."

आकारामांनी खडा तोंडात टाकला. "मग जमलं म्हणा."