मारोतभाऊंचं नख

मारोतभाऊंनी उजव्या अंगठ्याचं नख राखलं होतं. बाकीची नखं कास्टिक सोड्यानं खाऊन टाकलेली, हे एकच शाबूत. पिवळट, जाडजूड, टोकाला जरासं वळलेलं. रंगवलेलं लोखंड दिसलं की ते आपोआप तिकडे जायचं. आमच्याकडे पाणी प्यायला आले की एका हातात पेला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा लोखंडी कपाटावर. खर्र, खर्र. कपाटाला रुपयाएवढं टक्कल पडलं, तेव्हा बायकोनं त्यावर केळझरच्या गणपतीचं चित्र चिकटवलं. पुढच्या खेपेला मारोतभाऊंनी चित्राला मनोभावे नमस्कार केला आणि त्याच्या शेजारचा रंग खरवडायला घेतला.

बायको चिडली. ते शांतपणे म्हणाले, "वयनी, म्या काही खराब नाई केलं. थो निघाचाच होता."

नालवाडीत आमच्या घराला लागून त्यांचं टिनाचं शेड होतं. वाहनांच्या सुट्या भागांवरचा जुना रंग काढून देणं हा त्यांचा धंदा. मडगार्ड, जीपचे दरवाजे, ट्रॅक्टरची बॉनेटं असा माल दारात पडलेला असायचा. आत एक अर्धा कापलेला ड्रम, त्यात सोड्याचं पाणी आणि खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. माल त्यात बुडवायचा, रंग दुधावरच्या सायीसारखा सुटला की बाहेर काढायचा, राहिलेला करवतीच्या तुटक्या पात्यानं खरवडायचा, धुवायचं आणि गंज चढू नये म्हणून जवसाचं तेल चोपडायचं. वारा आमच्या बाजूला वळला की त्या वाफेनं आमचे डोळे झोंबायचे. मारोतभाऊंचे वर्षानुवर्षं लालच होते, त्यामुळे ते रडले तरी कुणाला कळलं नसतं.

"रंग म्हंजे लोखंडाचं खोटं बोलनं हाय, बाबू," ते मला सांगायचे. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी कारकून, म्हणून त्यांच्या लेखी बाबू. "नागडं करून पाह्यजा, मंग बोलजा."

हे तत्त्व ते फक्त लोखंडाला लावून थांबले असते तर बरं झालं असतं. आमच्या समोरच्या घरी मुलीला बघायला पाहुणे आले. मंडळी आत पोहे खात होती आणि मुलाचा मामा नव्या कोऱ्या स्कूटरचं कौतुक सांगत होता. तेवढ्यात मारोतभाऊ बाहेरून आत आले. अंगठ्यावरची भुकटी झटकत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, देऊन टाका पोरगी. पन गाडी याच्या आंधी लाल होती, त्याच्या आंधी हिरवी, अन् मागच्या मडगार्डाले पोचा हाय." बैठकीतला चमच्यांचा आवाज बंद झाला. तरीही ते लग्न झालं, संसार झकास चालला, ती स्कूटरही पुष्कळ वर्षं चालली. मारोतभाऊंना मात्र त्या घरचे पोहे पुन्हा मिळाले नाहीत.

आता इतकं सांगून झालं, पण खरं तर मी अर्ध्याच दुकानाची गोष्ट सांगितली. रंग काढणारे मारोतभाऊ, आणि रंग लावणारा शालिक. शालिक त्यांचा धाकटा भाऊ. माय गेली तेव्हा तो रांगत होता. मारोतभाऊंनीच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं. त्याचं होऊ दे, मग माझं बघू, असं म्हणत स्वतःचं लग्न मागे ढकलत राहिले आणि ते मागेच राहिलं. शालिक रंगात फार हुशार निघाला. कुठलाही जुना रंग एकदा डोळ्यांनी बघितला की दोन-चार डबे एकत्र करून हुबेहूब तोच रंग काढायचा.

त्याच्यासाठी मारोतभाऊंनी एक पद्धत पाडली होती. सगळा भाग लख्ख करायचा, पण कुठेतरी आतल्या अंगाला, नजरेआड, नखाएवढा जुना रंग तसाच ठेवायचा. त्याला ते टिकला म्हणत. शालिकनं तो टिकला बघायचा आणि रंग जुळवायचा. जगातला सगळा रंग खोटा मानणारा हा माणूस तेवढा टिकला मात्र फार जपून ठेवायचा. सोड्यात बुडवताना तेवढा कोपरा पाण्याबाहेर ठेवायचा.

आणि शालिकनं लावलेल्या रंगावर तेच नख ओढायचा.

हे रोजचंच होतं. रंग वाळला की मारोतभाऊ परीक्षा घ्यायचे आणि शालिक तोंड वाकडं करायचा. पण एकदा केळझरकडच्या एका शेतकऱ्याचं ट्रॅक्टरचं बॉनेट होतं. त्याला घाई होती, तो चार माणसं घेऊन दारात उभा. मीही ऑफिसला निघता निघता थांबलो होतो. रंग पुरता वाळला नव्हता. मारोतभाऊंनी सवयीनं अंगठा टेकवला, ओढला, आणि लाल रंगाची एक लांब साल निघून त्यांच्या नखाला लोंबायला लागली. सगळे हसले. मारोतभाऊही हसले, आणि बोलून गेले, "अरे, माह्या नखाले टिकत नाई, थो उन्हाले काय टिकन?"

शालिक हसला नाही. हातातला ब्रश त्यानं रॉकेलच्या डब्यात ठेवला. म्हणाला, "दादा, असा रंग लावून दाखवीन का तुह्या नखानं नाई निघणार अन् तुह्या सोड्यानं बी नाई निघणार. तवाच तोंड दाखवीन तुले."

"जाय, दाखव," मारोतभाऊ म्हणाले.

लोकांना वाटलं, भावाभावांचं आहे, संध्याकाळी एका ताटात जेवतील. शालिक त्याच आठवड्यात पुण्याकडे निघून गेला.

त्यानंतर दुकान अर्धंच चाललं. मारोतभाऊ रंग काढायचे आणि माल तसाच उघडा परत द्यायचे. "लावायचं मंग पाहू. येईल थो." माझी स्कूटर त्याच काळात त्यांच्या हाती लागली. जुना हिरवा रंग गेला आणि मी जवसाचं तेल माखलेली, स्टीलच्या पातेल्यासारखी चकचकणारी गाडी घेऊन सेवाग्रामला जाऊ लागलो. तेलावर धूळ बसून गाडीला लव फुटली. बायको मागे बसेना, पातळाला डाग पडतात म्हणून. शेवटी मी वर्ध्याच्या एका पेंटरकडून आकाशी रंग मारून घेतला. सीटखाली त्यानं ब्रश फिरवला नाही. तिथे मारोतभाऊंनी ठेवलेला हिरवा टिकला होता. "हा कशाले सोडला?" पेंटरनं विचारलं. पुढे सगळ्यांच्याच गाड्यांत तो असा ठिपका सापडायचा आणि सगळेच विचारायचे. मारोतभाऊंचं उत्तर ठरलेलं, "राहू द्या. लागते."

कुणाला लागतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

शालिकची खबर एकदाच आली. तिकडे कामाला असलेला नालवाडीचाच एक जण दिवाळीला घरी आला होता. त्यानं सांगितलं, शालिक एका कारखान्यात आहे. तिथे रंग पातळ नसतो, भुकटी असते. ती लोखंडावर उडवतात आणि मग भट्टीत भाजतात. मारोतभाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "भुकटी? अन् भाजते? काऊन रे, थो रंग करून राह्यला का भाकरी करून राह्यला?" त्या दिवशी दिसेल त्याला त्यांनी हे सांगितलं. चेष्टा करत होते, पण शालिकचं नाव घ्यायला मिळतंय याचाच आनंद जास्त होता, हे आम्हाला दिसत होतं. पुढे तो माणूसही तिथलं काम सोडून कुठे गेला ते कळलं नाही, आणि शालिकचा ठावठिकाणा त्याच्याबरोबर गेला.

बरीच वर्षं गेली. माझ्या मेहुण्यानं पुण्याहून स्कूटरला लावायचं एक कॅरियर आणलं. चांगलं दणकट, काळं. पण बायकोला आकाशी गाडीवर काळं कॅरियर बघवेना. मी ते मारोतभाऊंकडे नेलं आणि काळा रंग काढून द्या म्हणालो. तोवर ते बरेच वाकले होते. हातातलं पातं थरथरायचं, पण नख तसंच होतं.

त्यांनी कॅरियर मांडीवर घेतलं आणि अंगठा ओढला. काहीच आवाज झाला नाही. नख घसरलं. त्यांनी बारीक डोळे करून पाहिलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा जोर लावला आणि टक्कन आवाज आला. नख मुळापासून तुटून मातीत पडलं होतं. अंगठ्यातून रक्त आलं. मारोतभाऊ अंगठ्याकडे न बघता कॅरियरकडे बघत होते.

"बाबू, हे कुठचं म्हणता?"

"पुण्याचं."

ते उठून ड्रमाकडे गेले. जाळ घातला, सोडा नेहमीपेक्षा कडक केला, कॅरियर बुडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर ते ड्रमाशेजारी उकिडवे बसले होते आणि कॅरियर समोर पोत्यावर ठेवलेलं. ओलं, काळंभोर, चकचकीत. कुठे फोडसुद्धा आला नव्हता.

मी म्हणालो, "जाळात टाकून बघा ना, भाऊ."

त्यांना ते आवडलं नाही. "जायात टाकलं तं निघनच. जायात तं मानूस बी निघते हाडावरून. पन बोलनं नखाचं अन् सोड्याचं झालतं." मग दुपट्ट्यानं कॅरियर पुसत, पोराचं अंग पुसावं तसं पुसत म्हणाले, "नाई निघत, बाबू. काय लावला हाय लेकानं!"

पुण्यात असे कारखाने किती असतील आणि हे कॅरियर कुणाच्या हातचं असेल, हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही बोललो नाही. मेहुण्यानं ते कुठल्याशा दुकानातून उचललं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मारोतभाऊ कॅरियर काखोटीला मारून घरोघर फिरले. "नाई निघत, पाहा! तुमी काढून पाहा!" ज्या समोरच्या घरी पोहे बंद झाले होते, त्या घरीही गेले. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी कुणाचाच रंग टिकू दिला नाही, ते हरल्याची दवंडी पिटत होते. आणि संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर त्यांनी शालिकचा कोपरा झाडून ठेवला होता. रंगाचे वाळलेले डबे ओळीनं मांडले होते आणि कडक झालेला ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातला होता.

"थो बोललता ना, नाई निघन तवा तोंड दाखवीन," ते म्हणाले. "आता नाई निघत."

मला फार वाईट वाटलं. ते पुढच्या दिवसांत रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. नवा माल घेईनात. आमच्याकडे यायचे, पाणी प्यायचे, आणि कपाटाला हात लावायचे नाहीत. बायकोनं एकदा मुद्दाम गणपतीचं चित्र काढून तो टकलाचा भाग त्यांच्यासमोर उघडा ठेवला. त्यांनी बघितलंही नाही. तुटलेल्या जागी नख पुन्हा नीट आलंच नाही.

कॅरियर त्यांनीच माझ्या गाडीला बसवून दिलं. मी कितीदा म्हणालो, ठेवून घ्या. "नाई, फिरू द्या त्याले. लोकायले दिसू द्या." नटांवर पाना फिरवता फिरवता त्यांनी सीट उचललं. हिरवा टिकला तिथे होता. त्यांनी तो ओल्या बोटानं पुसला आणि सीट हळूच खाली ठेवलं.

"बाबू, दवाखान्यात तुमी मुलखाचे मानसं पाह्यता. कोनी पुन्याकडचं भेटलं तं शालिकले निरोप द्याले सांगजा."

"काय निरोप देऊ?"

त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. घरी ये म्हणून सांगा, असं काही म्हणतील असं मला वाटलं.

"सांगजा का, दादाचं नख तुटलं. येवढंच. थो समजते."

त्याच वर्षी हिवाळ्यात मारोतभाऊ गेले. शालिकला कळवायला पत्ता कुणाकडेच नव्हता, म्हणून पाणी आमच्याच हातचं पडलं. स्कूटर मी अजून विकलेली नाही. सीटखाली टिकला आहे, मागे काळं कॅरियर आहे आणि त्याचा रंग तसाच आहे. पुण्याकडचा पेशंट आला की मी केसपेपर लिहिता लिहिता विचारतो, भुकटीच्या रंगाच्या कारखान्यात शालिक उरकुडे म्हणून कुणी माहीत आहे का. लोक नाही म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला भेटला, तर त्याला एवढंच सांगा, की दादाचं नख तुटलं.